आजी विसरतात की त्यांना ऐकू येत नाही? श्रवणदोष ओळखणं आणि मोजणं

मागच्या लेखात आपण प्रश्नावलीची वैधता पाहिली होती, म्हणजे आपल्याला जे मोजायचं आहे तेच आपण मोजतोय का, हा प्रश्न. बऱ्याच जणांनी विचारलं की हे प्रत्यक्ष फील्डवर कसं दिसतं. म्हणून आज माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करते.

माझं पीएचडीचं काम ज्येष्ठ नागरिकांच्या स्मरणशक्तीवर आहे. पायलट स्टडीसाठी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात घरोघरी फिरत होते. चाचणीत एक भाग असा होता: मी तीन शब्द सांगायचे, समोरच्याने ते लगेच परत म्हणायचे, मग पाचेक मिनिटं दुसरे प्रश्न विचारून झाले की तेच शब्द पुन्हा आठवून सांगायचे. माझे शब्द होते ताट, सूप, घोडा.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका आजींनी शेवटी सांगितलं, "पाट, तूप, घोडा." मी फॉर्मवर तीनपैकी एक गुण दिला. शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, "बघा ना मॅडम, आई हल्ली फार विसरते. सांगावं एक, ऐकते भलतंच." मी फक्त ‘विसरते’ एवढंच टिपलं. त्यांच्या पेन्शनचं पासबुक तो आता स्वतःकडे ठेवतो, हेही त्याने सांगितलं. आई विसरते म्हणून.

दोन आठवड्यांनी माझ्या गाईड मॅडम रेकॉर्डिंग ऐकत होत्या. (रेकॉर्डिंगची संमती घेतली होती, ती नेहमी घ्या.) त्यांनी मध्येच थांबवलं आणि विचारलं, "पहिल्यांदा काय म्हणाल्या त्या?" मागे जाऊन ऐकलं. शब्द सांगितल्या सांगितल्या आजींनी जे परत म्हटलं होतं तेही ‘पाट, तूप, घोडा’ हेच होतं.

म्हणजे आजी काहीच विसरल्या नव्हत्या. जे ऐकलं ते त्यांनी पाच मिनिटांनी जसंच्या तसं सांगितलं. स्मरणशक्तीला तीनपैकी तीन! चूक शब्द कानातून आत जाताना झाली होती आणि मी ती मेंदूच्या खात्यावर टाकली होती. पहिल्यांदा परत म्हणवून घेतात ते याचसाठी, पण मी फॉर्म भरण्याच्या घाईत तो भाग ‘झाला’ अशी टिक करून पुढे गेले होते.

हा लेख त्या चुकीबद्दल आहे. श्रवणदोष उशिरा का ओळखला जातो, तो ओळखायचा कसा, ऑडिओलॉजिस्ट नेमकं काय करतात, आणि माणसांशी बोलून डेटा गोळा करणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यातून काय घ्यायचं.

‘ऐकू येतं, पण कळत नाही’ म्हणजे काय

आपल्याला वाटतं की कमी ऐकू येणं म्हणजे रेडिओचा आवाज बारीक करणं, सगळंच सारखं हळू. वयामुळे येणाऱ्या श्रवणदोषात तसं होत नाही.

तरुण, निरोगी कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कानाच्या आतल्या भागात गोगलगाईच्या शंखासारखी एक गुंडाळलेली नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्या तोंडाशी उंच पट्टीचे आवाज टिपले जातात आणि आतल्या टोकाला खालच्या पट्टीचे. हे टिपण्याचं काम केशपेशी करतात, आणि माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वय आणि वर्षानुवर्षांचा गोंगाट यांचा मार आधी तोंडाशी असलेल्या पेशींवर पडतो. म्हणून उंच पट्टी आधी जाते आणि खालची बरीच वर्षं शाबूत राहते.

पेटी डोळ्यांपुढे आणा. डावीकडच्या पट्ट्या ठणठणीत वाजतायत आणि उजवीकडच्या दबल्यात. भाता जोरात मारला तर डावीकडचे सूर कर्कश होतील, पण उजवीकडचे फारसे सुधारणार नाहीत. घरात आपण मोठ्याने ओरडतो तेव्हा नेमकं हेच करत असतो.

आता हे भाषेला लावून बघा. आ, ओ, ऊ यांसारख्या स्वरांची ताकद मुख्यतः खालच्या पट्टीत असते. ग, ड, म, न यांसारख्या व्यंजनांतही खालच्या पट्टीचा भाग असतो. पण स, श, फ, त, ट, क, प यांना एकमेकांपासून वेगळं ओळखायला उंच पट्टी लागते. ‘स’ची तर बहुतेक सगळी ताकद ४,००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर असते. म्हणून आजींना ‘घोडा’ नीट ऐकू आला, पण ‘सूप’चं ‘तूप’ झालं आणि ‘ताट’चं ‘पाट’. आपले आकडेच बघा: सात, साठ, आठ. ‘स’ गळला की ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरकच उरत नाही. दुकानात, बँकेत, औषधाच्या डोसमध्ये हा फरक किती महागात पडू शकतो याचा विचार करा.

आणखी एक गोष्ट मला नंतर जाणवली. ‘प’ म्हणताना ओठ मिटतात, ‘त’ म्हणताना मिटत नाहीत. म्हणजे माझा चेहरा आजींना दिसत असता तर ‘ताट’चा ‘पाट’ बहुधा झाला नसता. कमी ऐकू येणारी माणसं नकळत ओठांवरून बरंच भरून काढतात. मी मात्र मान खाली घालून फॉर्मवरून वाचत होते, डोक्यावर पंखा फिरत होता आणि आत टीव्ही चालू होता.

ओळखायचं कसं

सगळ्यात मोठी अडचण ही की ज्याला हा त्रास आहे त्याला तो बहुतेक वेळा जाणवतच नाही. तो इतका हळूहळू येतो की तुलना करायला ‘आधीचं ऐकणं’ आठवत नाही. त्याला आवाज तर येतच असतो, मग दोष समोरच्याचा वाटतो. आजींचं वाक्य रेकॉर्डिंगवर आहे: "पोरी, मला ऐकू येतंय सगळं, तूच तोंडातल्या तोंडात बोलतीस."

घरच्यांनी आणि फील्डवर गेलेल्यांनी या गोष्टींकडे लक्ष द्यावं:

- समोरासमोर एकाशी बोलताना ठीक, पण लग्नघरात, जेवणाच्या पंगतीत किंवा दोघंतिघं एकदम बोलायला लागले की गप्प होणं.
- बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज कळायला जास्त जड जाणं.
- फोनवर बोलणं टाळणं, किंवा फोन आला की लगेच दुसऱ्याच्या हातात देणं.
- टीव्हीच्या आवाजावरून घरात रोजची कुरबुर.
- प्रश्नाला न जुळणारं उत्तर, किंवा सगळ्यालाच हसून ‘हो हो’.
- आधी "मोठ्याने बोल" आणि लगेच "ओरडतोस कशाला!"
- कानात सतत गुणगुण किंवा शिट्टीसारखा आवाज.

शेवटून दुसरा मुद्दा घरच्यांना फार चिडवतो. त्यांना वाटतं, हे मुद्दामच चाललंय. पण केशपेशी गेल्या की हळू आवाज ऐकू येत नाही, मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो. मधली सुसह्य जागा अरुंद होते. यात हट्ट नाही, कानाची रचनाच तशी झालेली असते.

‘हो हो’ हा मुद्दा आपल्यासाठी सगळ्यात धोकादायक. तुमच्या सर्व्हेत एखादी ज्येष्ठ व्यक्ती ओळीने दहा प्रश्नांना ‘हो’ म्हणाली, तर ती तुमच्या विधानांशी सहमत आहे असं समजण्याआधी तिला प्रश्न ऐकू आला का ते तपासा.

स्वतःहून तपासण्याची साधी साधनंही आहेत. ज्येष्ठांसाठीची दहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली जगभर वापरली जाते. १९८० च्या दशकात व्हेंट्री आणि वाइनस्टाइन यांनी ती तयार केली. ‘ऐकण्याच्या त्रासामुळे घरच्यांशी वाद होतात का’, ‘नवीन माणसांना भेटताना अवघडल्यासारखं होतं का’ अशा धर्तीचे प्रश्न, आणि प्रत्येकाला ‘हो’, ‘कधीकधी’ किंवा ‘नाही’ असं उत्तर. एकूण गुण ० ते ४०, आणि आठपेक्षा जास्त आले तर तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेचं हिअरडब्ल्यूएचओ हे मोफत अॅप २०१९ मध्ये आलं. ते गोंगाटात आकडे ऐकवून कोणते ऐकू आले ते विचारतं. ही सगळी चाळणी आहे, निदान नव्हे.

विचारलेलं आणि मोजलेलं

इथे जरा थांबून आकडे बघू. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. आपल्याकडच्या राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमाच्या कागदपत्रांत जागतिक आरोग्य संघटनेचा जो अंदाज दिलेला असतो तो ६.३ टक्के लोकसंख्येचा, म्हणजे सुमारे ६.३ कोटींचा आहे. बारा पटींचा फरक!

यातला एक आकडा खोटा, असा निष्कर्ष लगेच काढू नका. दोन्हींची व्याख्या वेगळी आहे आणि मिळवण्याची रीतही वेगळी. जनगणनेत घरातल्या कुणाला तरी विचारलं जातं, ‘घरात कुणी अपंग आहे का?’ ज्या घरात आजीचं कमी ऐकणं ‘म्हातारपण’ किंवा ‘विसरभोळेपणा’ म्हणून धरलं गेलंय, तिथे उत्तर ‘नाही’ असंच येणार. लिटरेचर रिव्ह्यूत प्रमाणाचा आकडा उचलताना तीन गोष्टी पाहा: व्याख्या काय होती, उत्तर कुणी दिलं, आणि मोजलं होतं की नुसतं विचारलं होतं.

ऑडिओलॉजिस्ट काय करतात

कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओलॉजिस्ट यांत आपल्याकडे फार गोंधळ होतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर त्या विषयात पुढे शिकलेले डॉक्टर असतात. कान वाहणं, पडद्याला भोक, हाडांचे आजार, औषधं आणि शस्त्रक्रिया हा त्यांचा प्रांत. ऑडिओलॉजिस्ट म्हणजे ऐकणं मोजणारे, श्रवणयंत्र बसवणारे आणि नंतरचं पुनर्वसन करणारे तज्ज्ञ. त्यासाठी बीएएसएलपी ही चार वर्षांची पदवी असते आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. यंत्र विकणाऱ्या दुकानात ‘फ्री चेकअप’ करणारी प्रत्येक व्यक्ती ऑडिओलॉजिस्ट असेलच असं नाही, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, मैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांतही तपासणीची सोय असते.

तपासणीत सुई नाही, दुखणं नाही. साधारण क्रम असा:

आधी गप्पा. त्रास कधीपासून, एका कानाला की दोन्ही, चक्कर येते का, कामाच्या ठिकाणी गोंगाट होता का, कोणती औषधं चालू आहेत. मग कानात दुर्बिणीने पाहतात. कधीकधी नुसता मळ साठलेला असतो आणि तो काढला की प्रश्न संपतो. (घरी काडी किंवा इअरबड घालून मळ काढू नका, तो आणखी आत ढकलला जातो.) गरजेप्रमाणे कानातला हवेचा दाब बदलून पडदा नीट हलतो का तेही बघतात.

मग मुख्य चाचणी, ऑडिओमेट्री. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसवतात आणि शुद्ध स्वर ऐकवतात. ऐकू आला की बटण दाबायचं किंवा बोट वर करायचं. प्रतिसाद मिळाला की स्वर १० डेसिबलने खाली आणायचा, नाही मिळाला की ५ डेसिबलने वर न्यायचा. वर येताना ज्या सगळ्यात कमी पातळीला निदान निम्म्या वेळा प्रतिसाद मिळतो, तो त्या पट्टीचा उंबरठा. २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंत ठरावीक पट्ट्यांवर हेच करतात. पावलं ५ डेसिबलची असल्यामुळे दोन चाचण्यांत ५ डेसिबलचा फरक दिसला तर तो ‘बदल’ समजायचा नसतो. मापनातली चूक म्हणजे काय, याचं हे छान उदाहरण आहे.

यानंतर कानामागच्या हाडावर एक छोटा कंपक ठेवून पुन्हा उंबरठे मोजतात. हा आवाज बाहेरचा आणि मधला कान टाळून थेट आतल्या कानाला पोचतो. हाडातून नीट ऐकू येतंय पण हवेतून नाही, तर अडथळा बाहेर किंवा मध्ये: मळ, पडदा, हाडं. यावर बऱ्याचदा उपचार असतात. दोन्हीकडून सारखंच कमी, तर दोष आतल्या कानात किंवा नसेत. शेवटी शब्द ऐकवून ते परत म्हणायला सांगतात. आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, ही तक्रार इथे आकड्यात दिसते.

लहान बाळ बटण दाबू शकत नाही. त्यांच्यासाठी आतल्या कानातून परत येणारा क्षीण आवाज टिपणारी ओएई आणि मेंदूकडे जाणारे संकेत टिपणारी बेरा, अशा चाचण्या आहेत. त्या जन्मानंतर लगेच करता येतात.

ऑडिओग्राम वाचायला शिका

निकाल एका आलेखावर येतो. आडव्या अक्षावर पट्टी, डावीकडे खालची आणि उजवीकडे उंच, अगदी पेटीसारखी. उभ्या अक्षावर डेसिबल, पण उलटे: शून्य वर आणि मोठे आकडे खाली. रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे, तर निरोगी तरुणांचा सरासरी उंबरठा.

आजींच्या चांगल्या कानाचे आकडे असे आले (त्यांच्या आणि मुलाच्या परवानगीने देतेय): ५०० हर्ट्झला २५, १,००० ला ३५, २,००० ला ५० आणि ४,००० ला ६५ डेसिबल. हाडातूनही जवळपास तेच. डावीकडून उजवीकडे घसरत जाणारी रेघ, वयामुळे येणाऱ्या श्रवणदोषात नेहमी दिसणारी.

आता थोडं गणित. या चारही पट्ट्यांची सरासरी येते सुमारे ४४. फक्त पहिल्या तीन पट्ट्या घेतल्या, जशी अनेक ठिकाणी पद्धत आहे, तर सुमारे ३७. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालातल्या वर्गीकरणात २० ते ३५ सौम्य आणि ३५ ते ५० मध्यम, म्हणून दोन्ही सरासऱ्या ‘मध्यम’मध्ये येतात. जुन्या वर्गीकरणात २६ ते ४० सौम्य आणि ४१ पासून पुढे मध्यम होतं. त्यानुसार चार पट्ट्यांनी आजी ‘मध्यम’ आणि तीन पट्ट्यांनी ‘सौम्य’! कान तोच, आजी त्याच. म्हणून थिसिसमध्ये नुसतं ‘मध्यम श्रवणदोष’ लिहून भागत नाही. कोणत्या पट्ट्या घेतल्या, कोणता कान घेतला आणि कोणतं वर्गीकरण वापरलं, हे लिहावंच लागतं.

कायद्याचं मोजमाप आणखी वेगळं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा दोष असेल तर ‘ऐकण्यास कठीण जाणारी’ आणि ७० पासून पुढे ‘बधिर’ व्यक्ती. म्हणजे आजींना यंत्राची गरज आहे, पण दिव्यांग प्रमाणपत्र मिळणार नाही. अशांसाठी ज्येष्ठांच्या योजना पाहाव्यात. गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्रासकट सहायक साधनं देणारी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. महाराष्ट्रात २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू झाली, तिच्यात ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना साधनांसाठी ३,००० रुपये देण्याची तरतूद होती. अटी बदलत असतात, त्यामुळे अर्जाआधी समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या.

यंत्र आणि त्यानंतर

ऑनलाइन मिळणारी स्वस्त ‘आवाज मोठा करणारी’ उपकरणं सगळ्याच पट्ट्या वाढवतात. श्रवणयंत्राचं प्रोग्रामिंग त्या माणसाच्या ऑडिओग्रामवरून होतं, जिथे रेघ खाली तिथे जास्त मदत. काही ठिकाणी कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ आवाज खरंच किती पोचतो तेही मोजतात. ही सोय असेल तर आवर्जून करून घ्या.

आजींनी पहिल्या आठवड्यानंतर यंत्र डबीत ठेवून दिलं. भांड्यांचा आवाज डोक्यात जायचा, स्वतःचंच चावणं ऐकू यायचं. हे फार लोकांचं होतं आणि इथेच बरीच यंत्रं कपाटात जातात. वर्षानुवर्षं जे आवाज मेंदूपर्यंत पोचलेच नाहीत ते एकदम यायला लागले की गोंगाटच वाटणार. ऑडिओलॉजिस्टनी आवाज थोडा कमी करून दिला. रोज एकदोन तास, आधी शांत खोलीत एकाच माणसाशी बोलायचं, मग हळूहळू वेळ वाढवायचा, असं वेळापत्रक दिलं. सुनेला आणि मुलालाही बसवून सांगितलं की समोर येऊन बोला, ओरडू नका, एका वेळी एकानेच बोला. यंत्र घेणं म्हणजे सुरुवात, त्यानंतरच्या दोनतीन भेटी टाळू नका. ज्यांना यंत्रानेही फारसा फायदा होत नाही अशा तीव्र दोषात कॉक्लियर इम्प्लांटचा पर्याय तज्ज्ञ तपासतात.

ऐकणं आणि स्मृतिभ्रंश

‘ऐकू येत नाही म्हणून डिमेन्शिया होतो’ असे मथळे तुम्ही वाचले असतील. संशोधन काय सांगतं ते नीट पाहू.

२०११ मध्ये फ्रँक लिन आणि सहकाऱ्यांनी बाल्टिमोरमधल्या ६३९ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सौम्य, मध्यम आणि तीव्र श्रवणदोष असलेल्यांत पुढे डिमेन्शिया होण्याचा धोका अनुक्रमे सुमारे दोन, तीन आणि पाच पट आढळला. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. दोन्हींच्या मागे एखादं तिसरंच कारण असू शकतं. आणि आजींच्या बाबतीत झालं तसं, ऐकू न आल्यामुळे चाचणीतले गुणच कमी पडले असू शकतात, ही शंका अशा कोणत्याही अभ्यासात तपासावी लागते.

कारण तपासायचं तर यादृच्छिक चाचणी हवी. ती २०२३ मध्ये आली, अचीव्ह नावाची. अमेरिकेतले ७० ते ८४ वयाचे ९७७ जण. काहींना श्रवणयंत्रं आणि समुपदेशन, काहींना फक्त आरोग्यशिक्षण, आणि तीन वर्षं पाठपुरावा. सगळे मिळून पाहिलं तर बौद्धिक घसरणीत लक्षणीय फरक दिसला नाही. पण हृदयविकाराच्या एका जुन्या दीर्घकालीन अभ्यासातून आलेला, मुळात जास्त धोका असलेला जो गट होता, त्यात यंत्रं मिळालेल्यांची घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती.

बातम्यांत ४८ टक्केच आले. तुम्ही संशोधक म्हणून दोन्ही वाक्यं एकत्र लिहायला शिका. मुख्य उत्तर ‘फरक नाही’, आणि जास्त धोक्याच्या गटात फायद्याची आशादायक खूण. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचे बदलता येण्याजोगे १४ धोके दिलेत, त्यांत श्रवणदोष आहेच. पण यंत्र लावायला डिमेन्शियाची भीती कशाला हवी? नातवाचं बोलणं कळणं, एवढं कारण पुरेसं आहे.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

ज्येष्ठांशी, कारखान्यातल्या कामगारांशी, किंवा शाळेतल्या मुलांशी बोलून डेटा घेणार असाल तर हे करा:

१. मुलाखतीआधी ऐकण्याची छोटी चाळणी घाला आणि तिची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा.
२. समोर बसा, चेहऱ्यावर उजेड असू द्या, पंखा आणि टीव्ही बंद करायची विनंती करा. खोलीची स्थिती टिपून ठेवा.
३. शब्द परत म्हणवून घेण्याची पायरी गाळू नका. जे म्हटलं तेच अक्षरशः लिहा, ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढ्यावर थांबू नका. मी ‘पाट’ लिहिलं नसतं आणि रेकॉर्डिंगही नसतं, तर चूक कधीच कळली नसती.
४. श्रवणदोष असलेल्यांना नमुन्यातून वगळणार असाल तर त्याचं कारण द्या. ज्येष्ठांच्या अभ्यासात ते वगळले तर मागे कोण उरतं, याचा विचार करा.
५. काही आढळलं तर त्या व्यक्तीला कुठे पाठवणार, हे एथिक्स कमिटीच्या अर्जातच लिहा. आपण घरात जाऊन त्रास मोजायचा आणि तसंच निघून यायचं, हे बरोबर नाही.

आणि एक तातडीची गोष्ट, कुणासाठीही: एका किंवा दोन्ही कानांचं ऐकणं काही तासांत किंवा दोनतीन दिवसांत अचानक कमी झालं, तर ‘मळ असेल’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अशा वेळी उपचार जितके लवकर तितकी आशा जास्त. बाळ आवाजाला दचकत नसेल, किंवा वेळेत बोलायला लागलं नसेल, तरी वाट पाहू नका.

आजींच्या घरी मी तीन महिन्यांनी पुन्हा गेले. पंखा बंद, टीव्ही बंद, आजींच्या कानात यंत्र आणि माझी मान वर. सरावाचा परिणाम नको म्हणून शब्द दुसरे घेतले. तीनपैकी तीन. जुना फॉर्म मी खोडला नाही. मूळ नोंद तशीच ठेवून खाली तारखेसह टीप लिहिली: ‘शब्द नीट ऐकू आले नव्हते, हे गुण स्मरणशक्तीचे धरू नयेत.’ कच्चा डेटा बदलायचा नसतो, त्यावर टीप जोडायची असते.

निघताना मुलाला ऑडिओग्राम दाखवून सगळं समजावलं. तो बराच वेळ त्या घसरत्या रेघेकडे बघत राहिला. मग आत जाऊन पासबुक घेऊन आला आणि आईच्या हातात दिलं. आजींनी ते उघडून शिल्लक वाचली आणि मला विचारलं, "साठ हाय न्हवं? मला आठ वाटलंतं मागं."

पुढच्या लेखात पायलट स्टडीतल्या अशा चुका अंतिम प्रोटोकॉलमध्ये कशा लिहायच्या ते पाहू. तुमच्या फील्डवर ‘हो हो’ म्हणणारं कुणी भेटलं असेल, तर त्या नोंदी एकदा पुन्हा काढून बघा.